आवडते प्रश्न, नावडते प्रश्न

इतिहासाच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वाध्याय असतो. 'गाळलेल्या जागा भरा', 'कारणे द्या', 'टिपा लिहा'. या प्रश्नांची उत्तरे मागच्या दोन पानांत असतात, त्यामुळे ते विचारताना कोणाला भीती वाटत नाही आणि उत्तर सापडले म्हणून कोणाला आनंदही होत नाही. खरे प्रश्न तास संपता संपता येतात, बहुधा शेवटच्या बाकावरून. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. बी.एड.च्या वर्षी सूक्ष्म पाठात आमच्याकडून 'प्रश्न कौशल्य' घोटून घेतले होते. शिक्षकाने प्रश्न कसा विचारावा, हे तिथे शिकायला मिळाले. मुलाने विचारलेला प्रश्न कसा घ्यावा, हे मात्र मुलांनीच शिकवले.

जगाच्या इतिहासाबद्दल मुले जे विचारतात त्याचे माझ्यापुरते मी दोन भाग केले आहेत: आवडते प्रश्न आणि नावडते प्रश्न. आवडता प्रश्न म्हणजे ज्याच्या उत्तरात आपली मान उंच होईल अशी आशा असते. नावडता प्रश्न म्हणजे जो ऐकताच वर्ग गप्प होतो, कारण त्यात आपल्यावर काहीतरी आरोप असतो. मुले हे प्रश्न घरून, गल्लीतून, मोबाइलवरून, कधी दुसऱ्या शाळेतल्या मित्राशी झालेल्या भांडणातून आणतात. त्यांना उत्तर हवे असते, पण त्याहून जास्त हवा असतो तो आधार. इथेच शिक्षकाची कसोटी लागते. आधार द्यायचा म्हणून खोटे सांगायचे नाही आणि खरे सांगायचे म्हणून मुलाला उघडे पाडायचे नाही.

अशा काही प्रश्नांची हकिकत या लेखात मांडते आहे. सोप्यापासून सुरुवात करू.

आकडे उलटे का?

"टीचर, उर्दू सीधे हात से लिखते, तो हिंदसे बायें से क्यूं?" पाचवी-सहावीतला हा नेहमीचा सवाल. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे चालते. मध्येच १८५७ आला की डोळा उलट वळतो आणि एकाचा आकडा आधी वाचतो. मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हा प्रश्न सुचणारच नाही, कारण त्याला ही अडचणच येत नाही. अडचणीतून आलेला प्रश्न बहुधा चांगला असतो.

याचे उत्तर असे, की हे आकडे उजवीकडून लिहिणाऱ्या लोकांनी घडवलेले नाहीत. ते हिंदुस्थानात घडले. दशमान स्थानमूल्याची पद्धत इथली. शून्य ही संख्या मानून तिच्याशी बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवले. ६६२ साली फुरात नदीकाठच्या मठातला सेवेरस सेबोख्त हा सीरियन बिशप हिंदी लोकांच्या नऊ चिन्हांनी होणाऱ्या गणिताची तारीफ करतो. पुढे बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने साधारण ८२५ च्या सुमारास या हिंदी गणनापद्धतीवर पुस्तक लिहिले. मूळ अरबी पुस्तक आज उरलेले नाही, लॅटिन रूपांतर उरले आहे. त्याच्याच नावाचा अपभ्रंश होऊन 'अल्गोरिदम' हा शब्द झाला. अरबांनी ही चिन्हे घेतली तेव्हा सर्वांत मोठे स्थान डावीकडे ठेवण्याची हिंदी रीतही तशीच ठेवली. लिपी आपली, आकडे पाहुण्यांचे. पण पाहुण्यांची बसण्याची पद्धत बदलली नाही.

शिवाय अरबीत पंचवीस म्हणताना 'खम्सा व इश्रून', म्हणजे 'पाच आणि वीस' म्हणतात. उजवीकडून वाचत आले की आधी पाच भेटतो, मग वीस. मराठीतला 'पंचवीस' हा शब्दही असाच आहे: आधी पंच, मग वीस. हे सांगितले की मुले बोटे मोडत बत्तीस, त्रेचाळीस, छप्पन्न तपासू लागतात. तो तास फुकट जात नाही.

याच्या पाठोपाठ आवडता प्रश्न येतो: "मग इंग्रज त्यांना अरबी आकडे का म्हणतात? म्हणजे शून्य आपण शोधला ना?" यातला 'आपण' कोण, हे आधी ठरवावे लागते. पिसा शहरातला लिओनार्दो, ज्याला जग फिबोनाची म्हणून ओळखते, लहानपणी वडिलांबरोबर उत्तर आफ्रिकेतल्या बुजाया बंदरात राहिला. तिथे त्याने हे आकडे शिकले आणि १२०२ मध्ये युरोपसाठी त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने स्वतः त्यांना हिंदी लोकांची नऊ चिन्हे म्हटले आहे. शून्याला अरब 'सिफ्र' म्हणत, म्हणजे रिकामे. त्याचे लॅटिनमध्ये 'झेफिरम' झाले आणि त्यातून 'झीरो' आला. युरोपला वस्तू अरबांच्या हातून मिळाली म्हणून तिला अरबांचे नाव लागले. अरब मात्र तिला आजही 'हिंदी आकडे' म्हणतात. घेतलेल्या वस्तूवर देणाऱ्याचे नाव कायम ठेवणे हीसुद्धा एक प्रकारची अमानतदारीच आहे, आणि मुलांनी अभिमान बाळगावा तो या गोष्टीचा.

एक छोटा सापळा इथेही आहे. उर्दूत आकड्याला 'हिंदसा' म्हणतात, त्यामुळे हुशार मुलगा म्हणतो, "टीचर, हिंदसा म्हणजे हिंदचा!" ऐकायला फार गोड वाटते, पण तसे नाही. हा शब्द फारसीतल्या 'अंदाजा'वरून अरबीत 'हंदसा' होऊन आला. अरबीत त्याचा अर्थ भूमिती. निष्कर्ष बरोबर असला तरी पुरावा चुकीचा असू शकतो. हे लहान उदाहरणात समजले की मोठ्या प्रश्नांत उपयोगी पडते.

दोन ग्रंथालये

आता नावडता प्रश्न. "हजरत उमरनी (रजि.) अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय जाळायला लावले होते का?" हा प्रश्न मुले खाली मान घालून विचारतात. आरोप असा: मुस्लिम फौजेने इजिप्त जिंकल्यावर सेनापती अम्र बिन आस यांनी ग्रंथांचे काय करावे असे खलिफांना विचारले. उत्तर आले, की ते कुरआनशी जुळत असतील तर त्यांची गरज नाही आणि जुळत नसतील तर ते अपायकारक आहेत. मग ते ग्रंथ शहरातल्या चार हजार हमामांना सरपण म्हणून वाटले आणि सहा महिने पाणी त्यावर तापत राहिले.

अशा वेळी चिडून "सब झूट है" म्हणणे सोपे असते. पण चिडणे म्हणजे उत्तर नव्हे. मुलांना मी त्यांना माहीत असलेलाच प्रश्न विचारते: "रावी कोण?" हदीसच्या अभ्यासात एखादे कथन कोणी कोणाकडून ऐकले ही साखळी पाहतात, दोन व्यक्तींची भेट तरी शक्य होती का ते पाहतात. तोच निकष इथे लावू. अरब फौज अलेक्झांड्रियात शिरली ६४२ मध्ये. ही गोष्ट प्रथम दिसते ती तेराव्या शतकाच्या आरंभीच्या अब्दुल लतीफ बगदादी यांच्या लिखाणात, तीही ओझरती. सविस्तर रूपात ती अल-किफ्ती (मृत्यू १२४८) आणि ख्रिस्ती इतिहासकार बार हेब्राइयस (मृत्यू १२८६) यांच्याकडे येते. मधली साडेपाचशे वर्षे कोणी काही सांगत नाही. निकिऊचा बिशप जॉन हा त्याच सातव्या शतकातला, इजिप्तमधलाच. अरबांच्या विजयाबद्दल त्याने कडू लिहिले आहे. पण ग्रंथालय जाळल्याचा शब्द त्याच्या इतिहासात नाही. संधी असूनही त्याने हा आरोप केला नाही, ही साक्ष फार मोठी आहे. शिवाय त्या ग्रंथालयावर आधीच आघात झाले होते. इ.स.पू. ४८ मध्ये ज्यूलियस सीझरच्या लढाईत तिथे आग लागली. ३९१ मध्ये सेरापियम हे मंदिर, ज्यात एकेकाळी ग्रंथांचा साठा होता, ख्रिस्ती जमावाने पाडले. अरब आले तेव्हा जाळण्याजोगे ते जुने ग्रंथालय उरलेलेच नव्हते. अठराव्या शतकात गिबन या इंग्रज इतिहासकारानेही या कथेवर अविश्वास दाखवला. आपल्या उर्दूत शिबली नोमानींनी यावर स्वतंत्र लिखाण केले आहे.

इथवर आले की मुलांचे चेहरे खुलतात. पण तास इथे संपवला तर अर्धेच काम होते. म्हणून लगेच दुसरे ग्रंथालय काढावे लागते.

फेब्रुवारी १२५८ मध्ये हुलागूच्या मंगोल फौजेने बगदाद घेतले. खलिफा मुस्तअसिमला ठार केले. कत्तल भयंकर झाली, यात शंका नाही. या प्रसंगाबरोबर आपल्याकडे एक वाक्य नेहमी येते: दजला नदी पुस्तकांच्या शाईने काळी झाली आणि बगदादचे सारे इल्म पाण्यात गेले. बयानात, भाषणात, शालेय वक्तृत्व स्पर्धेत हे वाक्य हमखास टाळ्या घेते. पण मघाचाच सवाल: रावी कोण?

इथे एक माणूस आपल्याला मदत करतो, इब्न अल-फुवती. बगदाद पडले तेव्हा तो चौदा वर्षांचा मुलगा होता आणि मंगोलांच्या कैदेत सापडला. पुढे तो मरागा इथल्या वेधशाळेच्या ग्रंथालयात काम करू लागला. ही वेधशाळा नसीरुद्दीन तूसी यांनी हुलागूच्याच आश्रयाने १२५९ पासून उभारली होती, आणि बगदादसह जिंकलेल्या शहरांतली पुस्तके तूसींनी तिथे गोळा केली होती. त्यानंतर हाच इब्न अल-फुवती बगदादला परतला आणि मुस्तनसिरिया मदरशाच्या ग्रंथालयाचा प्रमुख झाला. म्हणजे ज्या शहराचे सारे ग्रंथ नदीत बुडाले असे आपण म्हणतो, त्या शहरात काही दशकांनी ग्रंथालय होते आणि त्याला ग्रंथपालही होता. बगदादवर आघात झाला, पुस्तके नष्ट झाली, हे खरे. सगळे इल्म एका आठवड्यात बुडाले, हे खरे नाही.

जी कथा आपल्यावर आरोप करते तिची साखळी आपण डोळ्यात तेल घालून तपासतो. जी कथा आपल्याला मजलूम ठरवते तिची साखळी कोणी विचारत नाही. तराजू एकच हवा. दुसऱ्याचा माल तोलायला एक आणि आपला तोलायला दुसरा, असे वजनमाप ठेवणाऱ्यांना कुरआनने काय म्हटले आहे ते मदरशात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

तुर्कांनी रस्ता बंद केला, मग मिरी कुठून जात होती?

हा प्रश्न मला सगळ्यांत हुशार वाटतो, कारण तो थेट पाठ्यपुस्तकाला विचारलेला आहे. अनेक पिढ्यांनी पाठ केलेले कारण असे: १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, पूर्वेकडे जाणारा खुश्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीयांना सागरी मार्ग शोधावा लागला. परीक्षेत यावर दोन गुण मिळतात. पण वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. मधली पंचेचाळीस वर्षे युरोपने मिरीशिवाय जेवण केले का?

सनावळी शेजारी-शेजारी मांडली की उत्तर आपोआप दिसते. पोर्तुगीजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे सेउता घेतले १४१५ मध्ये. आफ्रिकेच्या पश्चिमेचे बोजादोर भूशिर त्यांनी ओलांडले १४३४ मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या कितीतरी आधी त्यांची जहाजे दक्षिणेकडे निघाली होती. त्यांना पश्चिम आफ्रिकेचे सोने हवे होते, मुस्लिम सत्तांशी लढायचे होते आणि व्हेनिसची मधली दलाली टाळायची होती. दुसरीकडे, मलबारची मिरी मुख्यतः तांबड्या समुद्रातून इजिप्तमध्ये आणि तिथून अलेक्झांड्रिया बंदरात जाई. व्हेनिसचे व्यापारी ती तिथे विकत घेत. ते इजिप्त १४५३ मध्ये तुर्कांच्या हातात नव्हतेच. तिथे ममलूक सुलतान राज्य करत होते. उस्मान्यांनी इजिप्त जिंकले १५१७ मध्ये, गामा कालिकतला उतरल्यानंतर एकोणीस वर्षांनी. आणि कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर पुढच्याच वर्षी, १४५४ मध्ये, सुलतान मुहम्मद फातिहने व्हेनिसशी व्यापाराचा करार केला. बंद करणाऱ्याने करार कशाला केला असता? १९१५ मध्येच लायबायर नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने भावांच्या आणि तारखांच्या आधारे हे दाखवून दिले होते. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी ते जुने वाक्य अजून पाठ केले जाते.

गामाच्या प्रवासातलीच एक बाब मुलांना फार आवडते. कालिकतच्या किनाऱ्यावर त्याने पहिला माणूस उतरवला, तेव्हा त्याला ट्युनिसचे दोन मुसलमान भेटले आणि ते त्याच्याशी स्पेनच्या कॅस्टिलियन भाषेत बोलले. पोर्तुगालहून दहा महिने समुद्रातून हिंडून ज्या 'अज्ञात' देशी तो पोहोचला, तिथे त्याची शेजारची भाषा बोलणारे आधीच हजर होते! रस्ता बंद असता तर ते तिथे आले असते का?

हे शिकवताना एक काळजी घ्यावी लागते. मुलाने परीक्षेत काय लिहावे? मी सांगते, पुस्तकातले कारण लिहा आणि वहीत आपल्यासाठी तारखांचा तक्ता करा. दोन गुण मिळतील आणि अक्कलही मिळेल.

कोलंबसाच्या आधी आपण अमेरिकेत?

गामानंतर कोलंबस येतोच, आणि त्याच्याबरोबर सर्वांत आवडता प्रश्न: "कोलंबसाच्या आधी मुसलमान अमेरिकेला पोहोचले होते ना?" हा 'ना' महत्त्वाचा. मुलाला उत्तर विचारायचे नसते, दुजोरा हवा असतो. आणि तो दुजोरा मोठ्या लोकांनी दिलेला आहे. १५ नोव्हेंबर २०१४ रोजी इस्तंबूलमध्ये लॅटिन अमेरिकेतल्या मुस्लिम नेत्यांसमोर तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान म्हणाले, की मुस्लिम दर्यावर्दी ११७८ मध्येच अमेरिकेत गेले होते आणि क्युबाच्या किनाऱ्यावरील टेकडीवर मशीद असल्याचे कोलंबसाने नमूद केले आहे.

कोलंबसाची रोजनिशी लास कासासने केलेल्या गोषवाऱ्याच्या रूपात उपलब्ध आहे. ऑक्टोबर १४९२ मधली ती नोंद पाहिली तर मशीद दिसल्याचे त्यात नाही. एका डोंगराचा माथा सुंदर मशिदीसारखा दिसतो, असे ते वर्णन आहे. ज्या स्पेनमधून तो निघाला तिथे मशिदीचा घुमट ही रोजच्या पाहण्यातली गोष्ट होती. उपमा तिथूनच आली. 'सारखा' हा एक शब्द वगळला आणि डोंगराची मशीद झाली.

मग काहीच नाही का? आहे, आणि ते जास्त सुरस आहे. कोलंबस आशियाला निघाला होता, म्हणून त्याने दुभाषा म्हणून लुइस दे तोरेस याला घेतले. हा मूळचा यहुदी, नुकताच ख्रिस्ती झालेला, आणि त्याला हिब्रूबरोबर थोडी अरबीही येत होती. नोव्हेंबर १४९२ मध्ये क्युबाच्या आत त्याला बोलणी करायला पाठवले. पूर्वेकडे जायचे तर अरबी हवीच, ही युरोपीयांची तेव्हाची समजूत. अरबीचा त्या काळच्या जगातला दर्जा सांगायला ही एक नोंद पुरे आहे.

दुसरी गोष्ट मालीची. १३२४ मध्ये हजला जाताना मालीचा बादशहा मन्सा मूसा कैरोत थांबला होता. तिथे त्याने सांगितले, की त्याच्या आधीच्या बादशहाने अटलांटिक समुद्रात जहाजांचे मोठे ताफे पाठवले, शेवटी तो स्वतः गेला आणि परतला नाही. अल-उमरी यांनी हे लिहून ठेवले आहे. म्हणजे समुद्राच्या पलीकडे काय आहे, हे पाहायला आफ्रिकेतले मुसलमान निघाले होते, असे सांगणारा रावी आहे. ते पोहोचले, असे सांगणारा रावी नाही, आणि अमेरिकेत त्याची खूणही नाही. 'निघाले' आणि 'पोहोचले' या दोन क्रियापदांमध्ये अख्खा महासागर आहे.

तिसरे उदाहरण पीरी रईसचे. या उस्मानी दर्यावर्दीने १५१३ मध्ये काढलेला नकाशा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडला, त्यात अमेरिकेचा किनारा आहे. हा नकाशा दाखवून लोक मोठमोठे दावे करतात. पण पीरी रईसने स्वतःच नकाशावर लिहून ठेवले आहे, की पश्चिमेचा भाग त्याने कोलंबसाच्या नकाशावरून घेतला. पाचशे वर्षांपूर्वी शत्रूच्या दर्यावर्दीचे ऋण मोकळेपणाने मान्य करणारा हा माणूस आपला पूर्वज. त्याच्या नावावर खोटे श्रेय खपवणे म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर पाणी ओतणे होय.

मलिक अंबर इथे कसा आला?

शेवटचा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातून निघतो आणि थेट आफ्रिकेत जातो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मुलांना आवडतो. त्याने जमीनमहसुलाची घडी बसवली, मुघलांना गनिमी काव्याने बेजार केले, त्याच्या सैन्यात मराठा सरदार होते आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. खडकी हे गाव त्याने वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. तिथली नहर त्याच्या नावाने ओळखली जाते. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. हे सगळे ऐकल्यावर कोणीतरी विचारतेच: "पण तो हबशी होता ना? मग इतक्या लांब इथे कसा आला?"

उत्तर एका शब्दाचे आहे: विकला गेला. त्याचा जन्म इथिओपियात साधारण १५४८ चा, मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम झाला, येमेनचे मोखा बंदर, मग बगदाद असे हात बदलत दख्खनला आला. त्याला विकणारे आणि विकत घेणारे यांत मुसलमान होते. इथे त्याला घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान स्वतःही हबशी होता.

इथे वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव घेतो. गुलामाला मुक्त करणे हे पुण्य आहे, ही आपल्या दीनची शिकवण आहे, असे सांगतो. दुसरा म्हणतो, युरोपीयांनी तर अटलांटिकपलीकडे सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबून नेली. दोन्ही मुले खरे बोलतात. पण दोघांनीही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. शिकवण काय होती हा एक प्रश्न आहे आणि व्यापाऱ्यांनी काय केले हा दुसरा. शेजाऱ्याचे पाप मोठे होते म्हणून आपले पाप पुण्य होत नाही.

इराकच्या दक्षिणेत खाऱ्या दलदलीच्या जमिनी साफ करायला पूर्व आफ्रिकेतल्या गुलामांना जुंपले होते. ८६९ मध्ये त्यांनी बंड केले. चौदा वर्षे, ८८३ पर्यंत ते चालले आणि अब्बासी खिलाफत हादरली. हे कोणा परक्याने रचलेले नाही. आपल्याच इतिहासकार तबरी यांनी त्याची पाने भरभरून लिहिली आहेत. झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला १८७३ मध्ये, सुलतान बरगशने इंग्रजांच्या दडपणाखाली केलेल्या कराराने. सौदी अरबस्तानात गुलामगिरी कायद्याने संपली ती १९६२ मध्ये. या तारखा सांगताना जीभ जड होते. पण ज्या तोंडाने आपण हजरत उमर यांच्यावरचा खोटा आरोप फेटाळला, त्याच तोंडाने हे कबूल केले, तरच त्या फेटाळण्याला किंमत आहे. खऱ्या आरोपालाही 'झूट' म्हणणाऱ्याचे खोट्या आरोपाबद्दल कोण ऐकेल?

आणि मलिक अंबर यामुळे लहान होत नाही. बाजारात विकला गेलेला मुलगा राज्याचा कारभारी होतो, ही त्याची थोरवी. ज्यांनी त्याला विकले त्यांची ती थोरवी नव्हे.

इब्न खल्दूनचा धडा

हा तराजू माझा नाही. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दमा'त हेच सांगितले. जुन्या इतिहासकारांनी हजरत मूसांच्या (अलै.) फौजेत सहा लाखांहून अधिक सैनिक होते असे लिहिले होते. इब्न खल्दून विचारतो: एवढी फौज मैदानात मावेल कशी? एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळेल कसे? थोड्याच पिढ्यांत इतकी संततिवाढ होईल कशी? शेवटच्या बाकावरचे मूल विचारते, तसेच हे प्रश्न आहेत. रावी चांगला असला तरी सांगितलेली गोष्ट घडणे शक्य होते का, हेही पाहावे, हा त्याचा नियम.

पण हाच इब्न खल्दून त्याच ग्रंथात इराणच्या विजयानंतर हजरत उमर यांनी इराणी लोकांचे ग्रंथ पाण्यात टाकायला लावले, अशी कथा सहज सांगून जातो. अलेक्झांड्रियाच्या कथेची ही जुळी बहीणच. गाव बदलले, आगीच्या जागी पाणी आले, खलिफांचे उत्तर जवळजवळ तेच. ज्याने तराजू घडवला त्याच्याकडूनही एक कथा न तोलता राहून गेली. इतका मोठा माणूस असे करू शकतो, तर आपण प्रत्येक वेळी नव्याने तोलायला हवे.

आपली मुले ज्या काळात वाढत आहेत, त्यात इतिहास हा त्यांच्यासाठी परीक्षेचा विषय राहिलेला नाही. नाव सांगितले की समोरचा हजार वर्षांचा हिशेब मागतो, अशी वेळ त्यांच्यावर येते. त्यांच्या हातात दोन सोपी हत्यारे आयती दिलेली आहेत: 'सगळे जग आपल्या विरुद्ध खोटे बोलते' हे एक आणि 'जगातले सगळे आपणच शोधले' हे दुसरे. दोन्ही बोथट आहेत. पहिल्या उलट प्रश्नाला ती मोडतात आणि मग मूल एकटे पडते. त्याऐवजी रावी कोण, तारीख काय, आणि हे शक्य होते का, हे तीन सवाल त्याच्याजवळ असतील, तर ते कुठल्याही चर्चेत मान वर करून बसू शकेल. कधी "हा आरोप खोटा आहे आणि का ते सांगतो" म्हणेल. कधी "हो, हे घडले आहे आणि ते वाईट होते" असेही म्हणेल. दुसरे वाक्य म्हणायला जास्त हिंमत लागते, आणि ते म्हणता येणाऱ्या मुलाचे पहिले वाक्य लोक ऐकून घेतात.

तेव्हा घरात मूल जेवताना विचित्र काहीतरी विचारेल, तेव्हा "चुप बैठ, खाना खा" म्हणू नये. प्रश्न आवडता असेल तर लगेच हो म्हणू नये आणि नावडता असेल तर लगेच नाही म्हणू नये. "ये किसने बोला तेरे को?" एवढे विचारावे. इतिहासाचा अभ्यास याच सवालापासून सुरू होतो.